स्टिकरवरची बारीक अक्षरं

रत्नागिरीत ग्राफिक्स कार्ड बदलू पाहणारी पोरं आधी विचारतात, गेम किती एफपीएसवर चालेल? मी उलट विचारतो, एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, कुठला आहे? बहुतेकांना कॅबिनेट उघडून बघावं लागतं.

१. डब्यावरचे वॅट वाचू नका, १२ व्होल्टची ओळ वाचा. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. स्टिकरवरच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे अँपिअर दिलेले असतात, त्यांना १२ नं गुणायचं. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० आणि तक्त्यात १८ अँपिअर असतील, तर हाताशी २१६ वॅटच उरले. आरटीएक्स ३०६० एकटंच १७० वॅट घेतं. त्यात ६५ वॅटचा प्रोसेसर मिळवला की २३५ झाले, बोर्ड-पंखे वेगळेच. शिवाय कार्ड क्षणभर नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं. अशा वेळी गेम रंगात आला की मशीन फटकन बंद पडतं आणि लोक विंडोज नव्यानं टाकत बसतात. एनव्हिडिया या कार्डाला ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, त्यात लुबाडणूक नाही. असल्या फुगवलेल्या आकड्यांचाही हिशेब तिला धरावा लागतो.

२. पिना मोजा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात, ६ पिनांच्या वायरीतून आणखी ७५, ८ पिनांच्या वायरीतून १५०. प्रोसेसरची वायरही ८ पिनांचीच असते, पण ती ४ अधिक ४ अशी सुटते आणि कार्डाची ६ अधिक २ अशी. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात, त्यामुळे प्रोसेसरची वायर कार्डात दाबून बसवायचा उद्योग करू नये. सॅटाच्या वायरीला लावायचा स्वस्त कन्व्हर्टर तर घेऊच नका. सॅटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅट सोसतो, त्यातून १५० मागितले की प्लास्टिक वितळणारच.

३. मुंबईहून येणारे सेकंडहँड ऑफिसचे ब्रँडेड पीसी दिसायला सुबक, पण त्यांतल्या अनेकांचा एसएमपीएस आणि बोर्डाचा कनेक्टर त्या कंपनीपुरताच असतो. तिथे जादा पिन न लागणारं, ७५ वॅटच्या आतलं कार्ड बघावं. जीटीएक्स १६५० चे काही प्रकार तसे आहेत.

४. हा आपल्या जांभ्याच्या जमिनीचा प्रश्न. सड्यावरच्या घरांत पावसाळ्यात अर्थिंग बरं असतं, एप्रिल-मेमध्ये जमीन वाळली की नावापुरतं उरतं. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणाऱ्या किंचित विजेला जमिनीकडे वाट नसते, ती तुमच्या बोटांतून जाते. नवा एसएमपीएस आणला तरी ते थांबत नाही. वायरमन बोलवा, खड्ड्यात पाणी ओता, आणि कार्ड मग बसवा. अर्थिंगसाठी खर्च करायला कुणाचाच हात खिशाकडे जात नाही, कारण त्यात एलईडी दिवे लुकलुकत नाहीत.

५. यूपीएसही तपासा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. जुन्या मशीनला तो पुरत होता. नवं कार्ड जोरात असताना लाइट गेली तर मशीन त्याच क्षणी बंद. जून २०२० च्या निसर्ग वादळात आणि मे २०२१ च्या तौक्तेत जिल्ह्यात लाइट गेली, तशी पुन्हा गेली तर प्लगच काढून ठेवावा. लाइट परत येताना व्होल्टेज नाचतं.

६. मांडवी, मिऱ्या, भाट्ये अशा समुद्रालगतच्या घरांत खारी हवा पिनांवर गंज चढवते. काळवंडलेली वायर नव्या कार्डाला लावू नये. आत काय झालंय ते बघायला एसएमपीएस मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही वेळ टिकून राहतो.