कात्री लावायच्या आधी

सातारा,
बुधवार रात्र

चि. मनूस,


ताईचा फोन आला होता. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं की मनूने आईची पैठणी ट्रंकेतून काढून पुण्याला नेली आणि तिची कुंची शिवणार आहे. मी विचारलं, कुठली पैठणी? तर हिरवी, पदरावर मोर असलेली. जणू आपल्या घरात पैठण्यांच्या राशी पडल्यात आणि मला कळत नाहीये कुठली! पुढचं मला धड ऐकूच आलं नाही. फोनवर तुला काही सांगायला गेलं की "हो गं मावशी, बघते" म्हणतेस आणि विषय संपतो, म्हणून लिहायला बसले. शेजारचा मुलगा पहाटेच्या गाडीने पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देते. हे वाचून होईपर्यंत कात्री लावू नकोस. लावली असलीस तर तिथेच थांब.

हे खूळ कुठून आलं ते मला माहीत आहे. डोहाळजेवणाला मी तुझ्या शेजारीच बसले होते. तू पहाटे उठून मोगऱ्याच्या कळ्या ओवून नणंदेसाठी वाडी केलीस, बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट सगळं. सगळ्यांचे फोटो काढून झाले आणि मग तिथल्या एका बाईंना सुचलं, "बारशाला मामीकडून काय येणार आता? हातचंच काहीतरी असेल, नोकरी नाही ना सध्या." मी तिथेच उत्तर देणार होते, ताईने माझा हात दाबला. तू हसून पेढा-बर्फीच्या वाट्या मांडायला गेलीस. ते हसू मी ओळखते, तुझी आजीही असंच हसायची आणि मग आठ दिवस कुणाशी बोलायची नाही. आता त्या बाईंच्या डोळ्यांसमोर जरीची कुंची नाचवायची म्हणून तू आईच्या पैठणीवर उठली आहेस. राग आला तर गच्ची धुऊन काढ, डबे घास, मला फोन करून ओरड. रागात असताना कापडाला हात लावू नये.

आणि ती पैठणी मायेने जपून राहिली असंही समजू नकोस. 1972 च्या दुष्काळात आईच्या पाटल्या गेल्या. तेव्हा जुनी जर विकत घेणारे दारावर यायचे, लुगडी जाळून चांदी काढायचे. आईने एकदा पैठणी त्यांना दाखवली होती. त्यांनी इतका पडता भाव सांगितला की ती दारातूनच आत वळली. त्या अपमानामुळे पैठणी वाचली. पुढे दर दिवाळीला ती उन्हात घालायची, घडी बदलायची, कारण जुनं रेशीम घडीवरच विरतं. आता तिचा धागा इतका थकलाय की जिथे कापशील तिथून उसवत जाईल. त्यातून एक कुंची निघेल आणि बाकीची पैठणी कायमची जाईल.

बरं, बाळाचा तरी विचार कर. बारा दिवसांच्या जिवाच्या हनुवटीखाली खरी जर! चांदीची तारच ती. जर टोचते, बाळ रडतं, पाळणा म्हणणाऱ्या बायका गडबडतात आणि कुणीतरी म्हणतंच, "काढा गं ते आधी." मग तुझी कुंची पाळण्याच्या दांडीवर लटकेल. शिवाय त्या ट्रंकेत डांबरगोळ्या आहेत, ताईला कितीदा सांगितलं की वेखंड ठेव. तो वास साधा नाही. काही तान्ह्यांच्या रक्ताला तो सोसत नाही, कावीळ होते. त्या ट्रंकेतलं काहीही दोन-तीनदा धुऊन, चार दिवस कडक उन्हात घालून, वास पूर्ण गेल्याखेरीज बाळाजवळ न्यायचं नाही. आणि पैठणी तू धुणार कशी?

आता शिवायचं काय ते सांगते. ट्रंकेत तळाशी आईचं रोजच्या वापरातलं इरकल असेल, जांभळ्या अंगाचं, गोमी काठाचं. मधे दंड घातलेलं आहे, म्हणजे ओळखशील. काष्ट्यापाशी विरलं तेव्हा आईने मधला भाग कापून दोन तुकडे जोडले होते आणि त्यावर आणखी कित्येक वर्षं काढली. बाळाला तेच हवं. आपल्याकडे तान्ह्याच्या अंगाला पहिल्यांदा जुनेर लागतं ते उगाच नाही. नव्या कापडाची खळ आणि खरखर त्याला सोसत नाही. इरकलाचा लाल रेशमी पदर तसाच ठेव. पदराचे ताणे अंगाच्या ताण्यांना फासे घालून जोडलेले असतात, त्या जोडाच्या अलीकडे वीतभर सोडून मगच कात्री लाव. रंग जात असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धू. बाळ यायच्या आधी काही शिवू नये असं तुझ्या सासूबाई म्हणतील. मी ते मानत नाही, पण कापड धुऊन ठेवायला त्यांचीही हरकत नसेल. नववा सरेपर्यंत तेवढंच कर.

झबली चौपदरी घडी घालून काप, म्हणजे खांद्यावर शिवण येत नाही. बाजूच्या शिवणी बाहेरच्या अंगाला काढ. दिसायला उलटं दिसेल, त्या बाई बोलतीलही, बोलू देत. पुढे नाडी, बटण नको, आणि नाडी आखूड, चांगली दोनदा टीप मारलेली. गळ्याशी चुण्या नकोत. खालच्या दुमडीत आणि बाजूला सढळ माया ठेव, महिन्याभरात उसवून मोठं करायला लागेल. हातमोजे केलेस तर आतून एकही दोरा सुटा राहता कामा नये. बाळाच्या बोटाला दोरा गुंडाळला जातो आणि ते का रडतं ते कुणाला कळत नाही. दुपटं दोन पदरी पुरे. मांडीवर घेताना गुंडाळायला ते हवं, झोपल्यावर अंगावर नको. पहिलं वर्षभर पाळण्यात सैल पांघरूण आणि उशी ठेवू नका असं डॉक्टर आता स्पष्ट सांगतात, आणि मला ते पटतं, जरी आम्ही सगळे गोधड्यांखालीच वाढलो.

कुंची हवीच ना? खणाची कर. तुळशीबागेत गुळेदगुड्डचा खण मिळेल, आतून मलमलीचं अस्तर लाव, मागे झालर. मोती, टिकल्या, घुंगरू काही नको. सुटून तोंडात जातात. तू ते ठाण्याच्या कुणाचं तरी पाहून मोत्यांच्या झालरीचं म्हणत होतीस म्हणे. फोटोपुरतं ठीक असेल.

हातचं म्हणजे चांगलंच असतं असं माझं म्हणणं नाही. तुझ्या आईने विणलेल्या स्वेटरमध्ये माझं डोकं कधीच गेलं नाही. आणि सोन्यालाही नावं ठेवू नकोस. बाळाची आत्या सोन्याची चेन घेऊन येईल, येऊ दे, पोराच्या उपयोगी पडेल. तुझा बाळंतविडा त्या चेनेशेजारी मांडला जाईल म्हणून त्याला जर लावू नकोस, एवढंच.

माझ्या रुखवताची गोष्ट ताईने तुला रंगवून सांगितली असेलच. मण्यांची तोरणं, वायरच्या पिशव्या, काड्यांचा बंगला, कापसाचे ससे, लोकरीचं कुत्रं. चार महिने मला दुसरं काही सुचत नव्हतं. ताईच्या रुखवतापेक्षा माझं मोठं दिसलं पाहिजे हे एकच डोक्यात होतं, हे ताईला आजवर माहीत नाही. तेव्हा आई सोप्यात माझ्यासाठी गोधडी भरत बसलेली असायची. दिवस कलला की तिला सुई ओवता येत नसे, मग हाक मारायची. मी मॅटीवर 'सुस्वागतम्' भरत असायचे. "एवढा 'ग' होऊ दे," म्हणायचे. तोवर ती अंधारातच बसून राहायची. कडेपासून आत, आत, अशी चौकोनाने ती गोधडी तिने मध्यापर्यंत भरत नेली, आणि प्रत्येक कोपऱ्याशी दोरा असा वळवला की कुठे चुणी नाही. कसा वळवायची ते मी पाहिलंच नाही. आजही माझ्या गोधडीच्या कोपऱ्याला चुणी पडते. लोक म्हणतात, कुठे काय दिसतंय? मला दिसते. रुखवत सासरच्या माळ्यावर गेलं, लोकरीच्या कुत्र्यात उंदरांनी पिल्लं घातली. गोधडी तुझ्या काकांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांच्या अंगावर होती. दवाखान्यातलं ब्लँकेट त्यांना टोचायचं.

म्हणून म्हणते, पैठणीला आत्ता हात लावू नकोस.

खूप बोलले ना? वाचताना तुझे डोळे भरले असतील तर तो माझा दोष, तुझा नाही. ताईने आणखी एक सांगितलं, जे मला पैठणीपेक्षाही लागलं. तू रात्री तीन-तीन वाजेपर्यंत मशीनवर बसतेस. शेजारच्यांना आवाज जातो म्हणून खाली सतरंजी घालतेस. मनू, कंपनीने माणसं कमी केली त्यात तुझं काय चुकलं? तुझ्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहाबरोबर तू त्याचा खुलासा देत बसतेस, तो कुणी मागितलेला नाही. नवऱ्याच्या पगारात भागतंय तोवर भागू दे. त्याने एका शब्दानेही काढून दाखवलं नाही, हे तूच मला मागच्या महिन्यात सांगितलंस. मग त्या एका बाईच्या एका वाक्यासाठी तू झोप का घालवतेस? जाहिराती बघ, अर्ज कर, मधल्या वेळात झबली शिव. दोन्ही होईल. नाही झालं तर झबली राहू देत, बाळ दुपट्यातही वाढतं.

आणि पैठणीचं खरं सांगू का? आईने ती तुझ्याच नावाने ठेवली होती. जायच्या आदल्या दिवाळीला उन्हात घालताना म्हणाली, "ही मनूला. तिचा हात चांगला आहे." मी तुला सांगितलं नाही, कारण मलाच ती हवी होती. तेव्हा कापायचा हक्क तुझाच आहे. पुढे कधी निवांत असशील, मनात कुणाचं बोलणं नसेल, तेव्हा काप. बटवे कर, अभ्रे कर, तुझ्या मुलीला परकर शिव. मी काही म्हणणार नाही. म्हणेन, पण तू ऐकू नकोस.

शनिवारी येते. येताना जुनी धोतरं आणि मलमल आणते. दुपट्याला आत एक थर लागेलच. कोपरे आपण दोघी मिळून करू, तुझा हात बसेल त्यावर. ताईने मला सांगितलेलं मी तुला लिहिलं हे मात्र तिला कळू देऊ नकोस, "तू काही बोलू नकोस" असं तिने फोन ठेवेपर्यंत बजावलं होतं. सकाळच्या गाडीने स्वारगेटला उतरेन. घ्यायला येऊ नकोस, मी रिक्षा करीन. तू तेवढी झोप काढ.

तुझी,
मावशी