हंगाम संपला, यंत्र झाकले. पण सांभाळले काय?

धानाच्या पट्ट्यात यंत्राचे काम वर्षभर चालत नाही. चिखलणीचा पॉवर टिलर वर्षातून दोन वेळा बांधीत उतरतो. मळणी यंत्र दिवाळीच्या आगेमागे आणि उन्हाळी धानाच्या वेळी बाहेर निघते. पाणी उपसण्याचे इंजिन पावसाळा लागला की बंद होते. उरलेले आठ-नऊ महिने ही यंत्रे गोठ्याच्या कडेला किंवा आंब्याच्या झाडाखाली उभी असतात. या उभ्या राहण्याच्या काळाकडे कोणाचे लक्ष नसते. काम संपले की अंगावर एक ताडपत्री टाकायची आणि म्हणायचे, ‘पुढच्या सालाले पाहू.’

वाचकहो, आजचा विषय हाच आहे. इंजिन काम करताना झिजते हे सर्वांना ठाऊक आहे. पण जे यंत्र वर्षाला ३०-४० दिवसच चालते, ते कामापेक्षा बसून जास्त बिघडते. त्याची हिफाजत हंगामाच्या शेवटच्या दिवशी करायची असते, पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी नव्हे.

गोसीखुर्दच्या परिसरात हा प्रश्न का महत्त्वाचा?

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे वैनगंगेवरील धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पुढे या प्रकल्पाला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमिनीला पाणी देण्याची ही योजना आहे. पाणी आले तसे उन्हाळी धान आले, आणि त्यामागे इंजिने, टिलर, मळणी यंत्रे आली. कोणी कर्ज काढून घेतली, तर ज्यांची शेती बुडाली त्यांपैकी काहींनी मोबदल्याच्या पैशातून घेतली. जमीन देऊन घेतलेले यंत्र झाडाखाली गंजत असेल, तर तो तोटा साधा नव्हे.

दुसरे असे की, धानाची रोवणी कोणासाठी थांबत नाही. पाऊस पडला, पऱ्हे तयार झाले की चिखलणी त्या आठवड्यातच व्हावी लागते. नेमक्या त्याच आठवड्यात सगळ्यांचे टिलर एकदम सुरू होतात, आणि जे सुरू होत नाहीत ते सगळे एकाच मिस्त्रीच्या दारात रांगेत उभे राहतात. चार दिवस गेले की पऱ्हे जुने होतात, भाड्याच्या टिलरचा दर चढतो, ठरलेले मजूर दुसऱ्याच्या बांधीत जातात. शेतकऱ्याचा हंगाम चुकला की बाजारपेठेलाही झळ लागते. आम्हा कापडवाल्यांची उधारी दिवाळीनंतरच्या धानावर अवलंबून असते, हे वेगळे सांगायला नको.

गुलमर्गच्या बर्फगाड्यांचे उदाहरण

ही अडचण आपलीच नाही. काश्मिरात गुलमर्ग येथे पर्यटकांना बर्फावरून फिरवणाऱ्या मोटारी आहेत. त्यांना स्नोमोबाईल म्हणतात. पुढे दोन पट्ट्या आणि मागे रबराचा फिरता पट्टा अशी त्यांची रचना असते. कॅनडातील जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांच्या कारखान्याने १९५९ साली ‘स्की-डू’ नावाची छोटी स्नोमोबाईल बाजारात आणली आणि हे वाहन जगभर पसरले. बर्फ वितळले की ही गाडी पुढच्या हिवाळ्यापर्यंत बंद. म्हणून ती कशी ठेवावी याचे नियमच ठरून गेले आहेत : पेट्रोलची व्यवस्था लावा, सिलिंडरमध्ये तेल सोडा, पट्टा काढा, गाडी जमिनीपासून उचलून ठेवा, बॅटरी सोडवा, उंदरांची वाट बंद करा.

त्यांचा हंगाम बर्फाचा, आपला चिखलाचा. पण इंजिनाला दोन्ही सारखेच. भंडाऱ्याकडे वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे ओल हा आपला पहिला शत्रू, गाळ दुसरा आणि उंदीर तिसरा.

कापड दुकानातील चार सूत्रे

कापडाच्या धंद्यात उरलेला हिवाळी माल, म्हणजे शाली, स्वेटर, ब्लँकेट, नऊ महिने सांभाळावा लागतो. त्याची रीत जुनी आहे. माल झाडून स्वच्छ करायचा, उन्हात कोरडा करायचा, भिंतीपासून दूर लाकडी फळीवर उंच ठेवायचा, आणि सुती कापडात बांधायचा म्हणजे हवा खेळते. प्लास्टिकमध्ये बांधलेल्या मालाला आतून घाम येतो आणि बुरशी धरते. स्वच्छ, कोरडे, उंच, हवेशीर ही चार सूत्रे यंत्रालाही तशीच लागू पडतात. आता एकेक काम क्रमाने पाहू.

१. धुणे आणि कोरडे करणे. चिखल वाळला की त्याखाली ओल धरून राहते आणि तेथेच गंज सुरू होतो. टिलरची पाती, चाके आणि खालची बाजू पाण्याने धुवा. पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगवर, कार्बोरेटरवर व वायरींवर मारू नका. मळणी यंत्रात अडकलेले तणस व दाणे हाताने काढा. त्यांवरच उंदीर येतात. धुतल्यावर दोन दिवस उन्हात ठेवा. रंग उडालेल्या लोखंडावर रंगाचा हात मारा, आणि पात्यांसारख्या उघड्या भागांना जुने तेल नव्हे, तर स्वच्छ तेल किंवा ग्रीस लावा.

२. इंजिन ऑईल. बहुतेक लोक नवे ऑईल पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला टाकतात. ही रीत उलटी आहे. वापरलेल्या ऑईलमध्ये जळलेल्या इंधनाचे आम्ल आणि पाण्याचा अंश असतो. तेच ऑईल आठ महिने आत राहिले तर आतले भाग खाते. म्हणून काम संपताच इंजिन गरम असताना जुने ऑईल काढावे, नवे भरावे आणि पाच मिनिटे इंजिन चालवावे, म्हणजे नवे ऑईल सर्वत्र पोहोचेल. इंजिन नेहमी उघड्यावर चालवा. बंद खोलीतला धूर जीव घेऊ शकतो.

३. पेट्रोलची इंजिने. छोटे पाण्याचे पंप, फवारणी पंप, गवत कापण्याची यंत्रे यांचा सर्वांत मोठा आजार म्हणजे शिळे पेट्रोल. दोन-तीन महिन्यांत पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट डिंक उरतो. दोरी ओढून खांदा दुखतो, पण इंजिन सुरू होत नाही. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पाणी जास्त झाले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात. आपल्या पावसाळी हवेत हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

उपाय सोपा आहे. टाकी पूर्ण रिकामी करा. मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढा. काढलेले पेट्रोल घरात साठवू नका. लगेच वापरून टाका. हे काम उघड्यावर आणि इंजिन थंड झाल्यावर करावे, व जवळपास बिडी-काडी नसावी. टू-स्ट्रोक फवारणी पंपातील तेलमिश्रित पेट्रोलही पुढच्या वर्षासाठी ठेवू नये.

४. डिझेलची इंजिने. येथे नियम उलट आहे. डिझेलची टाकी अर्धी ठेवली तर रिकाम्या भागात ओल जमते, पाणी तळाशी जाते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशीसारखे जंतू वाढून फिल्टर बंद करतात. म्हणून आधी तळाचे पाणी व गाळ काढा, मग स्वच्छ डिझेलने टाकी काठोकाठ भरा. डिझेल सगळे काढून टाकले तर नळ्यांत हवा शिरते आणि पुढच्या वेळी ती काढत बसावे लागते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे पाणी मात्र काढावे किंवा त्यात गंजरोधक कूलंट असावे. पाणी काढले असेल तर तशी चिठ्ठी हँडलला बांधा.

५. सिलिंडर. पेट्रोल इंजिनाचा प्लग काढा. आत चहाचा एक चमचा इंजिन ऑईल सोडा. भोकावर फडके धरून दोरी दोन-तीन वेळा हळू ओढा, म्हणजे तेल भिंतीला लागेल. प्लग बसवा. शेवटी दोरी हळू ओढत जेथे जड लागेल तेथे थांबा. त्या ठिकाणी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि ओली हवा आत जात नाही. बर्फगाडीवाले हेच करतात. तेथे त्यासाठी फवाऱ्याचे डबे मिळतात. आपले काम चमच्याने होते. डिझेल इंजिनात बाहेरून तेल सोडण्याचे काम मात्र मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

६. पंप, पट्टे, बॅटरी. नागपूरच्या नाग नदीचे सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात येते. त्यामुळे जलाशयातून पाणी उपसणाऱ्यांनी काम संपल्यावर पंपातून दहा मिनिटे विहिरीचे स्वच्छ पाणी चालवावे. नंतर पंपाचा खालचा बोल्ट काढून सगळे पाणी सोडावे, फूट व्हॉल्व्हची जाळी साफ करावी आणि पाईप ताण न देता गुंडाळून सावलीत ठेवावा. मळणी यंत्राचे पट्टे सैल करावेत किंवा काढून खुंटीला टांगावेत. ताणलेला पट्टा त्याच आकारात अकडतो. ज्या यंत्राला बॅटरी आहे तिची ऋण बाजूची वायर आधी काढावी, बॅटरी कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. उतरलेल्या स्थितीत पडून राहिलेली बॅटरी पुन्हा धड चार्ज होत नाही.

७. जागा आणि झाकण. यंत्र लाकडी ओंडक्यांवर उचलून ठेवा, म्हणजे टायर एकाच जागी दबणार नाहीत. युरिया व डीएपीच्या पोत्यांजवळ यंत्र कधीही ठेवू नका; खताचे क्षार ओल ओढतात आणि लोखंड खातात. धानाच्या कोठीतही नको. तेथे उंदीर आहेत आणि उंदरांना वायरीचे रबर आवडते. सायलेन्सरचे तोंड व हवेच्या फिल्टरची वाट फडक्याने बंद करा, आणि त्या फडक्याचे लाल टोक बाहेर ठेवा, म्हणजे सुरू करताना ते काढण्याची आठवण राहील. झाकायला जाड सुती कापड उत्तम. छप्पर गळत असेल तर ताडपत्री वर चार काठ्यांवर ताणा. अंगाला गुंडाळू नका.

हिशेब काय सांगतो?

समजा एका टिलरची किंमत २ लाख रुपये आहे आणि तो वर्षाला ४० दिवस चालतो. तो १० वर्षे टिकला तर एकूण ४०० दिवस काम झाले, म्हणजे दिवसाला ५०० रुपये पडले. देखभालीअभावी तो ५ वर्षांत निकामी झाला तर २०० दिवसच काम झाले, आणि दिवसाला १,००० रुपये पडले. दुरुस्ती, भाडे आणि वाया गेलेली रोवणी यांचा खर्च यात धरलेलाच नाही. याउलट वरील सात कामांना एक दिवस, थोडे ऑईल, ग्रीस व दोन-चार फडकी एवढाच खर्च येतो. व्यापारात इतक्या थोड्या भांडवलावर एवढा नफा कोठे मिळतो?

तरुणांसाठी एक धंदा

आपल्या भागातील अनेक मुले आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होतात आणि गॅरेज टाकायला भांडवल नाही म्हणून बसून राहतात. त्यांनी या कामाकडे पाहावे. हंगाम संपल्यावर घरोघर जाऊन यंत्र ‘झोपवून’ द्यायचे आणि पुढच्या हंगामाच्या पंधरा दिवस आधी जाऊन ‘जागे’ करून द्यायचे, असा वर्षाचा ठराव शेतकऱ्याशी करता येईल. अवजारांची एक पेटी, एक दुचाकी आणि एक वही एवढे साहित्य पुरे. वहीत प्रत्येक यंत्राचे पान असावे : ऑईल कधी बदलले, पट्टा कधी घातला, काय झिजले आहे. समजा ५० यंत्रे मिळाली आणि प्रत्येक फेरीला ५०० रुपये मजुरी ठरली, तर दोन फेऱ्यांचे ५०,००० रुपये होतात. यावर वर्ष निघणार नाही. पण मंदीच्या दिवसांत काम मिळते, आणि एकदा विश्वास बसला की मोठी दुरुस्तीही त्याच हाताकडे येते. गोसीखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्प शासनाने हाती घेतला आहे. बोटी वाढल्या तर त्यांची इंजिनेही पावसाळ्यात अशीच सांभाळावी लागतील. ते काम बाहेरच्या माणसाने येऊन करावे की येथल्याने, हे आपण काय शिकून ठेवतो त्यावर ठरेल.

शेवटी एकच. शेतात शेवटची फेरी झाली त्याच आठवड्यात एक दिवस यंत्रासाठी राखून ठेवा. घरातील मुलांना सोबत घ्या आणि कोणते काम कधी केले ते भिंतीवर खडूने तारखेसह लिहा. रोवणीच्या सकाळी दोरी ओढताच इंजिन बोलू लागले, तर त्या दिवसाची मजुरी तेथेच वसूल झाली असे समजा.