नकली गाडीवरची परीक्षा आणि आपली उसाची ट्रॉली



मागे एका गळीत हंगामात रात्री अकराच्या सुमारास काट्यावर एका सभासदाशी आमची थोडी बोलाचाली झाली. त्यांचा ड्रायव्हर पहाटे चारपासून उठलेला. दिवसभर फडात मोळ्या भरून घेतल्या, मग रांगेत ताटकळला. त्याला दोन-तीन तास झोपू द्या, मग परत पाठवा, असे आम्ही म्हटले. तर मालक म्हणाले, "लय जुना गडी आहे तो, साहेब. झोपेतबी टॅक्टर बराबर नेते." सगळे हसले. आम्हीही हसलो.

पण माणूस अर्धवट झोपेत गाडी खरोखर कशी चालवतो, हे कोणी मोजून पाहिले आहे काय? पाहिले आहे, आणि तेही कोणाचा जीव धोक्यात न घालता. रस्त्यावर ही परीक्षा घेता येत नाही. चालकाला मुद्दाम जागवायचे, दारू पाजायची, आणि समोर एखादे पोर आडवे सोडायचे, हे कोण करील? म्हणून त्यासाठी नकली गाडी असते. तिला सिम्युलेटर म्हणतात.

या कल्पनेचा उगम विमानात आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा गृहस्थ होता. त्याच्या घरचा धंदा बाजाच्या मोठ्या पेट्या, म्हणजे ऑर्गन, बनवण्याचा. त्या पेटीचे भाते वापरून त्याने १९२९ साली जमिनीवरच डोलणारे, वळणारे खोटे विमान केले. सुरुवातीला लोकांनी ते खेळणे समजले. पुढे १९३४ मध्ये टपाल नेणारे सैन्याचे वैमानिक खराब हवेत एकामागून एक मेले, तेव्हा सैन्याने ही यंत्रे विकत घेतली. भजनातल्या पेटीचा भाता आणि वैमानिकाचा जीव यांचा असा संबंध असेल, असे आपल्याला कधी वाटले नसते.

मोटारीची नकली गाडी त्याच जातीची. बसायची जागा, स्टिअरिंग, क्लच, ब्रेक, गिअर सगळे खरे. समोर पडद्यावर रस्ता पळतो. ब्रेकवर पाय केव्हा पडला, स्टिअरिंग किती हलले, वेग किती होता, हे सगळे यंत्र सेकंदाच्या बारीक भागापर्यंत टिपून ठेवते.

आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीमध्ये अशी गाडी आहे. तेथे पुष्पा चौधरी आणि नागेंद्र वेलागा यांनी परवाना असलेल्या शंभर चालकांना तीवर बसवले आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. पडद्यावरचा माणूस एकाएकी रस्ता ओलांडू लागला की चालक किती वेळाने सावध होतो, हे मोजले. फोनवर साधे बोलताना हा वेळ ४० टक्क्यांनी वाढला. डोके लावावे लागेल असे बोलताना ९५ टक्के. मोबाईलवर साधा निरोप लिहिताना १३७, आणि अवघड निरोप लिहिताना २०४ टक्के. म्हणजे तिप्पट! फोनवर बोलताना माणूस आपोआप वेग थोडा कमी करतो, हेही दिसले. पण तेवढ्याने धोका भरून निघत नाही.

यावर कोणी म्हणेल, पडद्यासमोर माणसाला ठाऊकच असते की इथे कोणी मरणार नाही. आक्षेप खरा आहे. काहींना त्या पडद्याने मळमळतेसुद्धा. म्हणून जाणकार लोक या यंत्रावरचा आकडा जसाच्या तसा रस्त्यावर लावत नाहीत. तोच माणूस, तोच पडदा, एकदा फोनसह व एकदा फोनविना, यांतला फरक तेवढा पाहतात. एकाच काट्यावर भरलेली आणि रिकामी ट्रॉली तोलावी, तसे. काटा थोडा चुकत असला तरी फरक कळतो.

आता जागरणाकडे वळू. ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड या दोघांनी माणसांना जागे ठेवून, यंत्रावर त्यांचा हात व नजर किती जुळते ते तपासले. १९९७ साली त्यांनी लिहिले की सलग सतरा तास जागलेल्याची अवस्था रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्यासारखी होते. आपल्या कायद्यात मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे चारला उठलेल्या आमच्या गड्याचे सतरा तास रात्री नऊलाच भरले होते. त्याने थेंबही घेतला नव्हता. पोलिसांच्या नळीत फुंकला असता तर निर्दोष सुटला असता.

पण नुसता आपला ड्रायव्हर सुधारून भागत नाही. वणी-मारेगाव-करंजी रस्त्यावर कोळशाचे ट्रक, कापसाच्या गाड्या, मोटारसायकली सगळेच धावतात. मागून येणारा फोनवर आहे की पेंगतो आहे, हे आपल्याला कळणार नाही. म्हणून हिशेब त्याचा करू. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात साडेसोळा मीटर, म्हणजे ५५ फूट जाते. सावध होऊन ब्रेक दाबायला दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबेपर्यंत आणखी २४. झाले जवळजवळ ५० मीटर. मंद दिव्याचा उजेडही साधारण तेवढाच पडतो. तो फोनवर डोके लावून बोलत असेल, तर आणखी २४ मीटर वाढवा. हे २४ मीटर त्याच्या उजेडात नाहीतच. तिथे आपली चाक बसलेली, दिवा नसलेली, उसाने बाहेर फुगलेली ट्रॉली उभी असते.

मागच्या फळीवर रिफ्लेक्टरची पट्टी असेल तर ती दीड-दोनशे मीटरवरून चमकते. त्याच्या चुकीला पुरेल एवढी जागा आपण त्याला दिली. उसाची पाती त्या पट्टीवर लोंबतात आणि चिखलाने ती झाकली जाते, हे मात्र आम्ही काट्यावर रोज पाहतो. फडातून निघताना पाती छाटावीत, पट्टी पोत्याने पुसावी. वाटेत थांबावे लागले तर ट्रॉली डांबरावरून खाली घ्यावी. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात रस्त्यांवर पंधरा हजारांवर माणसे मेली. त्यांत कोणी उसाच्या ट्रॉलीवर आदळलेला नसेल, असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

मुंबईची गाडी इथे आणता येणार नाही. पण पोराच्या दप्तरातली एक फूट लांबीची पट्टी पुरते. दुसऱ्याने ती उभी धरावी, खालच्या शून्याच्या टोकाशी आपली बोटे उघडी ठेवावीत, आणि त्याने न सांगता सोडली की पकडावी. १५ सेंटिमीटरवर पकडली तर सेकंदाचा साधारण पावणेदोन दशांश वेळ लागला. २० वर पकडली तर दोन दशांश. सकाळी एकदा पहा, रात्री खेप झाल्यावर पुन्हा पहा.

त्या रात्री काट्यावर आम्ही हेच केले. जुन्या गड्याने तीनदा पट्टी धरायचा प्रयत्न केला. तीनही वेळा ती बोटांतून निसटून खाली पडली. मालक काही बोलले नाहीत. त्यांनी ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात टाकली आणि गड्याला घोंगडी आणून दिली.