बाजाराचा हिशेब आणि ‘क्ष’

वाचकहो, थैलींत रुपये खुळखुळले म्हणजे नफा झालाच असें नव्हे. समजा, एखादी भगिनी आठवड्याच्या बाजारीं अंडीं विकते. अंडें तिला ६ रुपयांस पडतें व ८ रुपयांस विकलें जातें. गाडीभाडें व बाजारपट्टी मिळून १५० रुपये लागतात. एकही अंडें न खपलें तरी ते द्यावेच लागतात. तिनें ६० अंडीं घेऊन सारीं विकलीं; ४८० रुपये हातीं आले व तिला हर्ष झाला. परंतु खर्च ३६० अधिक १५०, म्हणजे ५१० झाला. पदरचेच ३० रुपये गेले!

मग किती अंडीं विकावीं? अशा अज्ञात राशीस भास्कराचार्य (इ. स. ११५०) ‘यावत्तावत्’ म्हणत, आपण ‘क्ष’ म्हणूं.

८ क्ष = ६ क्ष + १५०
२ क्ष = १५०
क्ष = ७५

पंचाहत्तर विकलीं म्हणजे खर्च तेवढा निघतो. त्यापुढें दर अंड्यामागें २ रुपये नफा. घरखर्चास १०० रुपये उरावयास हवे असतील, तर २ क्ष = २५०, म्हणजे १२५ अंडीं विकावीं. वाटेंत दहा फुटलीं, तर त्यांचे ६० रुपये १५० मध्यें मिळवावे. मग नुसता खर्च निघण्यासच १०५ विकावीं लागतील.

हें गणित बाजारास जाण्यापूर्वीं पाटीवर मांडावें; कर्ज झाल्यावर मांडून काय उपयोग?