आधी निरोगी घोडा

परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं, तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर घोडागाड्या धावत होत्या. आज विद्यार्थ्यांच्या हाताखाली कुत्री-मांजरं, गाई-म्हशी भरपूर येतात. घोडा क्वचित, आणि आला तर बहुधा पोटशुळाने तळमळत. अशा घोड्यावर हात बसत नाही. म्हणून माथेरानला किंवा एखाद्या तबेल्यात आधी धडधाकट घोडे तपासा, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि दर वेळी त्याच क्रमाने.

सेकंदकाट्याचं घड्याळ, स्टेथोस्कोप, दोरी आणि चिमटा बांधलेला थर्मामीटर, व्हॅसलीन, वही. पायांत जाड, बंद बूट.

सुरुवात दुरूनच करा. तुमचा वास आला की घोडा हुंगू लागतो आणि श्वास बदलतो. त्यामुळे कुशीची हालचाल पाहून श्वास आधीच मोजून घ्या. विश्रांतीत मिनिटाला ८ ते १६. उभं राहणंही बघा. मागचा एखादा पाय सैल सोडून उभा असेल तर तो आराम करतोय. पुढचा पाय पुढे टाकून ठेवला असेल तर तिथे दुखतंय. एवढ्यात मोतद्दाराला विचारा: लीद कधी टाकली, पाणी किती प्यायला, खुराक बदलला का? घोड्यासोबत दिवस काढणाऱ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडू नका.

मग बोलत बोलत डाव्या खांद्याच्या दिशेने तिरके जा. कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही. दोर धरणारा तुमच्याच बाजूला उभा हवा, म्हणजे घोडा बिचकला तर दोघांपासून दूर सरकेल. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही.

आता नाडी, आणि इथे घाई नको. खालच्या जबड्याच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवा. दोरीसारखी रक्तवाहिनी निसटती लागेल. ती हाडावर हलकेच दाबा. अंगठा वापरू नका, स्वतःचीच नाडी मोजाल. पूर्ण मिनिट मोजा: २८ ते ४४. मग स्टेथोस्कोप डाव्या कोपरामागून पुढे, स्नायूखाली सरकवा. शांत उभ्या घोड्यात मध्येच एखादा ठोका गळतो. तो पुष्कळ निरोगी घोड्यांत गळतो आणि थोडं दौडवल्यावर ताल नियमित होतो. हे निरोगी घोड्यात एकदा ऐकलं की पुढे उगाच घाबरायला होत नाही.

वरचा ओठ बाजूने उचलून हिरडी पाहा. गुलाबी, ओलसर हवी. बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परतला पाहिजे.

पोट चार जागी ऐका: दोन्ही कुशींत वर आणि खाली, प्रत्येक जागी किमान एक मिनिट. उजव्या कुशीत वर मोठ्या आंधळ्या आतड्याचा गडगडाट अधूनमधून येतो, त्याची वाट पाहा. गुरगुर ऐकू येणं चांगलं. चारही जागी सामसूम असेल तर सावध व्हा.

तापमानासाठी डाव्या पुठ्ठ्याला चिकटून उभे राहा, मागे नाही. हात पाठीवरून शेपटीपर्यंत सरकवत न्या, शेपूट बाजूला करा. व्हॅसलीन लावलेला थर्मामीटर आत गेल्यावर कडेला टेकवा. लिदीत रुतला तर आकडा चुकतो. चिमटा शेपटीच्या केसांना लावा. मोठ्या घोड्यात साधारण ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस. गुदमार्गातून हात घालून तपासणी करायची असेल तर हे त्याआधीच उरकावं, कारण आत हवा शिरली की आकडा कमी येतो.

शेवटी खूर. चारही खुरांवर तळवा ठेवून ऊब ताडून पाहा. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंची नाडी चाचपा; ती एरवी जेमतेम लागते. एखाद्या पायात ठणठण उडत असेल आणि खूर गरम असेल, तर खुरात सूज किंवा पू असण्याची शक्यता धरा.

प्रत्येक आकडा वेळेसह तिथल्या तिथे लिहा.

पोटशुळाचा घोडा आला की क्रम हाच. नाडी ६० च्या वर, हिरडी फिकट किंवा जांभळट, पोट गप्प, यातलं काहीही दिसलं तर लगेच वरिष्ठांना बोलवा आणि समोरचा चारा काढून घ्या. घोड्याला ओकता येत नाही; जठर तुंबलं तर फुटू शकतं. नाकातून जठरात नळी घालून ते मोकळं करणं हे जाणत्या हाताचं काम, कारण नळी श्वासनलिकेत गेली आणि औषध ओतलं तर घोडा दगावतो. तोवर कुणालाही बाटलीने तोंडात तेल ओतू देऊ नका. तेही फुप्फुसात उतरू शकतं.