सही करण्यापूर्वी



काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाचे खजिनदारपद माझ्याकडे आले, तेव्हा हिशेबाच्या वह्या चाळताना लक्षात आले की लागोपाठ दोन वर्षे आयआरएसकडे फॉर्म ९९०-एन भरलेलाच नाही. समितीला वाटत होते, सीपीए बघतात. सीपीएंना वाटत होते, समिती बघते. वार्षिक जमा साधारणपणे ५०,००० डॉलरपर्यंत असलेल्या संस्थेला हा छोटा फॉर्म संगणकावर भरता येतो. पण सलग तीन वर्षे तो चुकला, तर संस्थेची करमाफी आपोआप रद्द होते. आम्ही थोडक्यात बचावलो.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनीयर, कायद्याचा विद्यार्थी नव्हे. परंतु या अनुभवानंतर थोडे वाचन केले. त्यातून एक गोष्ट पटली. संस्था, धंदा किंवा सरकारी पद सांभाळणाऱ्याने वकील होण्याची गरज नाही. मात्र कोणती जबाबदारी दुसऱ्यावर सोपवता येत नाही, हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे. तीन उदाहरणे पाहू.

१) तारीख : बॉयल नावाच्या एका व्यावसायिकाने आईच्या इस्टेटीचे करविवरण भरण्याचे काम वकिलाकडे दिले होते. वकिलाच्या कचेरीत ती तारीख नोंदवायची राहिली आणि विवरण तीन महिने उशिरा गेले. दंड झाला १७,००० डॉलरहून अधिक. १९८५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. कायद्याच्या अवघड प्रश्नावर तज्ज्ञाच्या सल्ल्यावर विसंबणे वेगळे. पण मुदत पाळणे हे ज्याचे त्याचे कर्तव्य, असा त्या निकालाचा आशय आहे.

२) दुसऱ्याचे पैसे : आपल्यापैकी अनेकांनी छोट्या कन्सल्टिंग कंपन्या काढल्या आहेत. कंपनी इन्कॉर्पोरेट केली की घरदार सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु नोकरांच्या पगारातून कापलेला प्राप्तिकर, सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर ही रक्कम कंपनीची नसते. ती सरकारची ठेव असते. "या महिन्यात जागेचे भाडे भागवू, ते पैसे पुढच्या तिमाहीत भरू," असे जाणूनबुजून ठरवणाऱ्या जबाबदार व्यक्तीकडून आयआरएस तेवढीच रक्कम दंड म्हणून वैयक्तिकरीत्या वसूल करू शकते. तेथे कंपनीची ढाल उपयोगी पडत नाही.

३) सार्वजनिक पद : कॅलिफोर्नियात सिटी कौन्सिल किंवा स्कूल बोर्डावर निवडून येणाऱ्यांना १९५३ चा ब्राऊन कायदा लागू होतो, तोही शपथविधीच्या आधीपासून. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते. बहुसंख्य सभासदांनी सभेबाहेर, अगदी ई-मेलवरूनही, कामकाजाची आपसात चर्चा करायची नसते. आम्हा इंजिनीयरांना 'रिप्लाय ऑल'ची सवय! पण पाच जणांच्या कौन्सिलमध्ये तिघांनी तसे केले, तर ती बेकायदेशीर सभा ठरू शकते.

तेव्हा कोणतेही पद स्वीकारताना आपल्या वकिलाला वा सीपीएला तीन प्रश्न जरूर विचारा. कोणत्या तारखा माझ्या आहेत? माझ्या ताब्यातले कोणते पैसे माझे नाहीत? आणि कोणत्या बाबतीत मी स्वतः जबाबदार धरला जाईन? उत्तरे कागदावर लिहून घ्या आणि पद सोडताना तो कागद नव्या माणसाच्या हाती द्या. आमच्या मंडळाच्या दप्तरात आता तो पहिल्याच पानावर असतो.

कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात चालत नाही. सावध तो सुखी, हे आपले वाडवडील सांगतच आले आहेत.

(हा लेख केवळ सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष निर्णयापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.)