हातगाडीला नळ का हवा?

खोपटच्या एस.टी. स्थानकावर गाडी उशिरा येणार असे कळले की प्रवासी काय करतो? चहा घेतो आणि वडापाव खातो. बसायला जागा लागत नाही, ताट-वाटी लागत नाही, पाच मिनिटांत पोट भरते.

वडापाव हा घाईच्या माणसांचाच पदार्थ. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी पावात वडा घालून विकायला सुरुवात केली, असे सांगतात. गिरणीत पाळीला जाणाऱ्या कामगारांना तो परवडला. पुढे १९८२ मध्ये गिरण्यांचा मोठा संप झाला, पुष्कळांचे काम गेले, आणि त्यांतल्या कित्येकांनी स्वतःच वड्याची गाडी टाकली. म्हणजे काल जो खाणारा होता तो आज तळणारा झाला!

गंमत म्हणजे वड्यातला बटाटा आणि मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. पावही त्यांचाच. बेसन आणि हळद मात्र आपली. आपल्या ठाण्यातली मामलेदार मिसळ तर तुम्हां सर्वांना ठाऊक आहेच. मामलेदार कचेरीला लागून ती मिळू लागली म्हणून तिचे हे नाव. मामलेदाराला आता तहसीलदार म्हणतात, पण मिसळीचे नाव कुणी बदलले नाही.

आई म्हणते, "बाहेरचं खाऊ नको." आईचं खरं आहे, पण सगळंच नाही बरं का! उकळत्या तेलातून नुकताच निघालेला वडा बहुधा बाधत नाही, कारण एवढ्या उष्णतेत रोगजंतू मरतात. धोका असतो तो न शिजवलेल्या वस्तूंत. पाणीपुरीचे पाणी, बर्फाचा गोळा, कापून उघडी ठेवलेली फळे, हिरवी चटणी. आणि सर्वांत मोठा धोका गाडीखालच्या बादलीत असतो. त्याच एका बादलीत सकाळपासून बशा बुचकळून निघतात. पटकी, विषमज्वर, कावीळ हे रोग अशा घाण पाण्यातूनच पसरतात.

मग गाडीवाला पाणी का बदलत नाही? वीस लिटरचा डबा भरला की नुसत्या पाण्याचेच वजन वीस किलो होते. रस्त्यावर नळ नाही, तेव्हा तो लांबून वाहून आणावा लागतो. असे आणलेले पाणी कोण सढळ हाताने ओतील?

हाच प्रश्न सिंगापूर नावाच्या लहानशा देशाला पडला होता. तिथेही हजारो फेरीवाले रस्त्याच्या कडेला भात, शेवया, मासे, पराठे विकत. त्यांत चिनी होते, मलायी होते, आपल्या तामिळनाडूतून गेलेलेही होते. खरकटे गटारात आणि नदीत जाई, रोगराई होई. तिथल्या सरकारने १९६८-६९ मध्ये सर्व फेरीवाल्यांची नोंद केली. ते भरले सुमारे १८,०००. त्यांना नुसते हुसकावले असते तर स्वस्त जेवणही गेले असते. म्हणून १९७१ ते १९८६ या काळात सरकारने मोठमोठी खाद्यकेंद्रे बांधली. वर छप्पर, चारी बाजूंनी मोकळी हवा, प्रत्येक गाळ्याला नळ, वीज आणि मोरी. मध्ये सर्वांसाठी बाके. शेजारी शेजारी मासे आणि पराठे, ज्याला जे हवे ते त्याने आणून एकाच मेजावर खावे. अशी केंद्रे आज तिथे शंभराहून अधिक आहेत. २०२० साली युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. सगळे गोडच झाले असे नाही. जुने विक्रेते आता म्हातारे झाले, आणि पहाटे उठून रस्सा शिजवायला त्यांची मुले फारशी तयार नाहीत.

आपल्याकडेही २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी कायदा झाला. गावातल्या फेरीवाल्यांची पाहणी करावी, त्यांना विक्रीचा दाखला द्यावा, पाहणी पुरी होईपर्यंत कुणालाही उठवू नये, असे त्यात सांगितले आहे. जागा ठरवण्यासाठी जी नगर पथविक्रेता समिती नेमायची, तिच्यात शंभरांत निदान चाळीस जण खुद्द विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. पोळीभाजी विकणाऱ्या मावशीही तिथे बसून आपले म्हणणे मांडू शकतात!

याच कायद्यात आणखी एक कलम आहे. विक्रीच्या जागी पालिका ज्या सोयी पुरवील, त्यांच्या देखभालीचा आकार विक्रेत्याने भरायचा आहे. म्हणजे नळ बसला तर त्याचे पैसे वडेवाले काका देणारच आहेत. तोवर आपण गरम वडा खावा, चटणी नको म्हणावी, आणि वर्तमानपत्राचा कागद तर मुळीच घेऊ नये. शाईतली विषारी द्रव्ये तेलकट वड्याला लागतात, म्हणून अन्न त्यात बांधण्यास मनाई आहे. घरून डबा नेला तर काका त्यातही वडे देतात.